ईदच्या आधी आलेलं ताट

इन्शिराहनं ताट स्टोशेजारच्या कट्ट्यावर ठेवलं, वरचं पांढरं फडकं उगाच दोनदा सारखं केलं, आणि "येते गं, उम्म हिल्मी" एवढंच म्हणून खालमानेनं निघून गेली. तफीदा, हिल्मीची आई म्हणून गल्लीची उम्म हिल्मी, मसूर निवडत बसली होती. रोजा सुटायला दीड तास होता, सुएझच्या आखातावरून येणारं गार वारं खिडकीच्या फटीतून शिट्टी घालत होतं, आणि इन्शिराहकडे मान वर करून बघायची तफीदाला गेल्या बावीस वर्षांत कधी गरज वाटली नव्हती. जिन्यापलीकडची शेजारीण. आली, गेली. मग वास आला. तूप, भाजलेले तीळ, खजूर. कहकचा वास. ईदला घरोघर होतात ते गोल, पिठीसाखरेत लोळवलेले, तोंडात घातले की विरघळणारे कहक. तफीदाचा हात मसुरात होता तिथेच थांबला. कहक शेजारी एकमेकींना देतात, नाही असं नाही. पण ते ईदच्या दिवशी, आणि तेही हातात चार-पाच, माझे बघ कसे झाले आणि तुझे कसे बसलेत ते दाखवायला. ईदच्या चार दिवस आधी, ताट भरून, वर फडकं झाकून कहक जातात ते एकाच तऱ्हेच्या घरी. ज्या घरात यंदा पीठ भिजवायचं नसतं. ज्या घरातलं माणूस गेलेलं असतं.

तिनं स्वतः अशी ताटं नेली होती. लोहाराच्या विधवेकडे, पलीकडच्या गल्लीतल्या त्या बाळंतपणात गेलेल्या पोरीच्या आईकडे. ताट कसं ठेवायचं ते तिला ठाऊक होतं. आवाज न करता ठेवायचं, तोंडाकडे बघायचं नाही, पाणीसुद्धा न मागता परत फिरायचं. इन्शिराह आत्ता तश्शीच चालत गेली होती. तफीदानं घरातली माणसं मोजली, जणू काही ती मोजायला फार होती. ती स्वतः, आणि सून अवातिफ. दोघी जिवंत. नवरा तेलाच्या कारखान्यात टाकीवरून पडून गेला त्याला आठ वर्षं झाली, त्याची ताटं त्याच वर्षी येऊन गेली, तुपाच्या वासाची तेव्हा शिसारी आली होती. मग हे कुणाचं? मन त्या एका नावाच्या भोवती फिरत राहिलं. विहिरीच्या काठाकाठानं फिरावं आणि आत बघू नये, तसं. तिनं फडकं उचललं. इन्शिराहचे कहक दरवर्षी कडेला करपतात, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. भट्टीवाल्याला दोष देते, पण हात तिचाच. या ताटात मात्र एकही करपलेला नव्हता. तिनं निवडून आणले होते. सगळ्या घाण्यातून चांगले तेवढे वेचून, एकावर एक रचून. इन्शिराहसारखी बाई चांगले चांगले वेचून दुसरीकडे पाठवते, ते काय उगाच?

चूक माझीच, तिला वाटलं. दरवर्षी गल्लीत पहिलं पीठ भिजतं ते माझं. विसाव्या रोज्यालाच परात काढते, लोकांना ऐकू जाईल अशी. यंदा सव्विसावा आला तरी घरात तुपाचा वास नाही. काढला असेल त्या बायांनी काहीतरी अर्थ. पण ती थांबली होती ते हिल्मीसाठी. महिन्यापूर्वी पत्र आलं होतं, अवातिफनं वाचून दाखवलं होतं: ईदच्या आधी रजा मिळेल, कॅप्टननं शब्द दिलाय, मी येईपर्यंत कहकला नक्षी काढू नकोस. चिमट्यानं कहकच्या पाठीवर नक्षी काढायची ती त्याची लहानपणापासूनची हौस. पुरुषासारखा पुरुष, चोवीस वर्षांचा, तोफखान्यात भरती झालेला, आणि जीभ बाहेर काढून कहकला चिमटे घेत बसायचा. आईचं लाडावलेलं म्हणून हसायचे सगळे. हसू देत. म्हणून ती थांबली होती. पीठ आणलेलं, तूप कढवून ठेवलेलं, खजूर कुटून ठेवलेला. आणि त्या थांबण्याचाच इन्शिराहनं असा अर्थ घेतला असेल की हिला कळलं. म्हणजे कळण्यासारखं काहीतरी होतं. म्हणजे इन्शिराहला ते आधी कळलं होतं. तफीदानं ताटावर फडकं पुन्हा घातलं, कडा दुमडल्या, मग मसूर पुढे ओढला. एक खडा सापडला. तो बाजूला ठेवला. दुसरा सापडला नाही, तरी ती शोधत राहिली.

पण आवाज? आवाज तर आला होता. दहा दिवसांपूर्वी, अशीच रोजा सुटायची वेळ, रेडिओवर तो येमेनच्या लढाईवर गेलेल्या इजिप्तच्या जवानांच्या सलामांचा कार्यक्रम. कुणी अस्यूतचा, कुणी तांताचा, सगळे एकाच सुरात, सगळे सुखरूप, सगळ्यांना विजयाची खात्री. आणि मध्येच, घसा खाकरून, तो. "मी तोफखान्याचा जवान हिल्मी, सुएझच्या अरबईन वस्तीतला. माझ्या आईला सलाम. माझ्या घरच्यांना सलाम. मी सुखरूप आहे, आम्ही सगळे सुखरूप आहोत." तेवढंच. ती उठून उभी राहिली होती, रेडिओच्या डब्याला दोन्ही हात लावून. मग अवातिफला मनगटाला धरून ओढत आणलं होतं: अगं ऐक, नवरा बोलतोय तुझा, इथे उभी राहा. आणि ती मेंगळट पोरगी ऐकून घेऊन, एक शब्द न बोलता, मोरीत भांडी घासायला गेली होती. तफीदानं तिला काय काय नाही सुनावलं त्या संध्याकाळी. तुम्हा इस्माइलियाच्या माणसांच्या अंगात रक्त नसतं, पाणी असतं. माझ्या नवऱ्याचा आवाज असा डब्यातून आला असता तर मी तो डबा कडेवर घेऊन फिरले असते. आणि तू भांडी घासतेस! मग ती स्वतः जिन्यात जाऊन दहा जणींना सांगून आली होती. इन्शिराहलासुद्धा. इन्शिराह तेव्हा भिंतीला टेकली होती, आता आठवतं. "हो का, आवाज आला का," असं म्हणाली होती, आणि दार लावून घेतलं होतं. तफीदाला वाटलं होतं, जळते.

अवातिफ पाव घेऊन आली. तिनं ताट बघितलं. ताट बघितल्यावर तिनं जे केलं ते एवढंच, की पाव ठेवायला जागा असून ते हातातच धरून ठेवले.

"हे काय आहे?" तफीदा म्हणाली.

"इन्शिराह खालाचे कहक."

"ते दिसतंय मला. डोळे फुटले नाहीत अजून. का आलेत?"

पोरगी उभी. डोक्यावरचा निळ्या फुलांचा रुमाल वाऱ्यानं विस्कटलेला. त्या रुमालाकडे तफीदानं पहिल्यांदा नीट पाहिलं. नवी नवरी म्हणून तिला रंगीत घालायला लावलेलं तफीदानंच. रोज घालत होती, काही न बोलता.

"रेडिओवर तो बोलला, त्या दिवशी तुला ठाऊक होतं?"

"हो, अम्मा."

"कधीपासून?"

"त्याच्या आधी सहा दिवस. खालाचा शाकिर दवाखान्यातून गुपचूप घरी आला, त्याच रात्री तिनं मला बोलावलं. मी म्हटलं, तुम्हाला ईद होईपर्यंत सांगू नका. तो आवाज… तो त्यांनी आधी कधीतरी भरून ठेवलेला असतो, अम्मा. शाकिर म्हणाला, एकदा गाडी येते, सगळ्यांना रांगेत उभं करतात, कागदावर असतं तसंच बोलायचं."

"आणि तू भांडी घासायला गेलीस."

"नळ मोठा सोडला की बाकीचा आवाज येत नाही."

सोळा दिवस. सोळा दिवस या वीस वर्षांच्या पोरीनं माझ्यासाठी मसूर शिजवला, माझे पाय चेपले, माझे टोमणे खाल्ले, इस्माइलियाचं पाणी म्हणवून घेतलं, आणि माझा मुलगा, तिचा नवरा, एकटीनं पोटात घेऊन फिरली. मी रोज तिला म्हणत होते, हसत जा जरा, ईदला येतोय तो. तफीदाला तिच्याजवळ जायचं होतं. तिनं हात वर केला आणि पोरीच्या हातातले पाव काढून घेतले, एकेक, आणि कट्ट्यावर ठेवले. बाहेर तोफ झाली. रोजा सुटला. दोघी पाणी प्यायल्या. मसूर तसाच राहिला.

सकाळी ती जिना ओलांडून गेली. शाकिर खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये, उशीला टेकून. हिल्मीच्याच वयाचा, एकाच तुकडीत घेतलेला. लहानपणी दोघांनी मिळून मासळी बाजारात जे काही उद्योग केले होते त्याबद्दल तफीदानं दोघांना एकाच वहाणेनं मारलं होतं. इन्शिराह दारात रडत होती. "मला वाटलं तुला सांगितलं अवातिफनं. तू पीठ भिजवलं नाहीस गं, म्हणून मला वाटलं. मी असं कधी मुद्दाम करेन का? माझे हात तुटोत."

"हात राहू देत," तफीदा म्हणाली. "कहक चांगले झालेत." आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते मनापासून म्हणाली. मग शाकिरकडे वळली. "सांग."

"खाला, कॅप्टननं सांगितलंय, नावं घ्यायची नाहीत. नावं सरकार जाहीर करणार."

"कधी?"

"ते नाही सांगितलं."

"मग सरकार येईपर्यंत मी इथेच बसते. तुझ्या आईला सांग, जेवायलाही इथेच आहे मी."

तो हसला. हसणं तसंच मागे गेलं. मग बोलत राहिला, छताकडे बघत, कधी मोठ्यानं, कधी आपल्याशीच. आम्हाला सांगितलं होतं खाला, येमेनचे लोक त्यांच्या राजाला, त्या इमामाला, कंटाळलेत, आपण गेलो की हातात काहीतरी घेऊन स्वागताला उभे राहतील. उभे होते. हातात जे होतं ते आता माझ्या पायात आहे. डोंगर, नुसते डोंगर, पायऱ्यापायऱ्यांचे, प्रत्येक पायरीवर कॉफीची झाडं, हातभर मातीत लावलेली. माती बायका पाठीवर वाहून वर नेतात तिथे, मी बघितलंय. ती झाडं जाळायची ऑर्डर होती, कारण झाडांत माणसं लपतात. हिल्मीची तोफ खाली, गाव वर. पहिल्यांदा गोळे टाकले त्या दिवशी आम्ही डबे उघडून जेवलो, काहीच वाटलं नाही. लांबून नुसता धूर दिसतो. मग एकदा वर जायला सांगितलं, कोण उरलंय बघायला. आमच्या आधी विमानंही येऊन गेली होती. त्यांनी काय टाकलं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. शेळ्या पडलेल्या, अंगावर जखम नाही. एक म्हातारी उंबऱ्यावर बसलेली, डोळ्यांतून पाणी गळत होतं, दिसत नसावं तिला. आमच्या बुटांचा आवाज ऐकून शिव्या द्यायला लागली. आपल्याच भाषेत, खाला. जरा वेगळी, पण कळत होती. सगळं कळत होतं. त्या रात्रीपासून हिल्मी जेवेना. मला विचारायचा: अरे, माझी आई इथे असती तर तिनं कुणाला शिव्या घातल्या असत्या, त्या म्हातारीला की मला?

"काय म्हणाली ती म्हातारी?"

"जाऊ द्या ना."

"शाकिर."

"म्हणाली, तुमच्या आयांना तुमचं तोंड दिसू नये."

तफीदा खाटेच्या पायाला धरून बसली. कारण हे तिचं वाक्य होतं. छपन्न साल. इंग्रजांची, फ्रेंचांची विमानं कालव्यावर आली होती, पोर्ट सईदहून पळून आलेल्या बायका तिच्याच घरात दाटीवाटीनं झोपत होत्या, एकीच्या कुशीत मेलेलं तान्हं होतं आणि ती ते सोडत नव्हती. तफीदा तेव्हा गच्चीवर गेली होती, डोक्यावरचं वस्त्र काढून, केस मोकळे सोडून, आणि आभाळाकडे बघून ओरडली होती: तुमच्या आयांना तुमचं तोंड दिसू नये! पंधरा वर्षांचा हिल्मी तिला खाली ओढत होता आणि हसत होता, आई, त्यांना अरबी कळत नाही. किती अभिमान होता तिला त्या दिवसाचा. गल्लीत कुणाचंही लग्न असो, बारसं असो, ती ते सांगायची. तेव्हा दारात आलेले ते होते. आणि आता? आता दुसऱ्याच्या दारात गेलेले आपण. ज्या देशात आपलं कुणी सोयरं नाही, कुणी आपल्याला बोलावलं नाही, ज्यांनी आपलं तांब्याभर पाणी सांडलं नाही, त्यांच्या डोंगरावर आपली पोरं चढवायची आणि त्यांची झाडं जाळायची, कारण कैरोतल्या माणसांना नकाशावर बोट ठेवून म्हणायचं असतं की इथपर्यंत आपला शब्द चालतो. तिला रेडिओ आठवला. किती ऐकला तिनं. आपण त्यांना शिकवायला गेलोय, त्यांना शाळा, दवाखाने द्यायला गेलोय, असं तो डबा सांगायचा आणि ती मान डोलवायची. मासळी बाजारात एक कोळीण म्हणाली होती, आपल्या पोटाला पाव नाही आणि दुसऱ्यांना शहाणं करायला निघालेत, तेव्हा तिला चार लोकांत गप्प केलं होतं ते तफीदानंच: अनवाणी लोक ते, माझा मुलगा त्यांना माणूस बनवायला गेलाय. हे ती म्हणाली होती. ह्याच तोंडानं. शाप आकाशात जातो आणि पत्ता विसरतो का? की त्याला पत्ता लागतच नाही, कुठलीही आई चालते?

"कसा गेला?" तिनं विचारलं.

"घाटात, वळणावर, वरून गोळ्या आल्या. ट्रकमध्ये पुढे होता. वेळ लागला नाही, खाला, शपथ."

"मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतोस का खरं?"

"खरं. ह्या एका गोष्टीत खरं."

"पुरलं?"

"तिथेच. माती नाही तिथे, दगड रचले. मी रचले. दुसऱ्या दिवशी आम्हाला पुढे हलवलं."

"तोंड मक्केकडे केलं होतंस?"

"केलं. मक्का तिथून उत्तरेला आहे. जवळच."

"आपल्यापेक्षा त्याला जवळ पडली," ती म्हणाली, आणि उठली. दारात इन्शिराह तिच्या गळ्यात पडायला आली, तिला तिनं बाजूला केलं नाही, पण डोळ्यांत पाणी आलं नाही. आत कुठेतरी एक आवाज तयार झाला होता, बाईच्या घशातून निघतो तो, घरातलं माणूस गेलं की गल्लीला कळवणारा. तो वर यायला बघत होता आणि ती त्याला दाबत होती. कारण तो आवाज एकदा काढला की मागे घेता येत नाही. आणि कुणी खरं सांगितलंय? एका प्लास्टरवाल्या पोरानं. सरकार तर काहीच म्हणत नाही. कदाचित दुसराच कुणी असेल. दगडांखाली काय, सगळे एकसारखेच.

म्हणून ईदच्या आदल्या दिवशी ती लष्कराच्या कचेरीत गेली. जाळीमागचा कारकून सभ्य होता, तरणा, केसांना तेल. त्यानं तिला आई म्हणून हाक मारली. नंबर शोधला, पानं उलटली, बोट फिरवत फिरवत खाली आणलं, आणि त्याचा चेहरा खुलला. "तुमचा मुलगा छान आहे, आई. हे बघा. हजर."

"काय?"

"हजर लिहिलंय. कामावर हजर. ह्या महिन्याच्या यादीत."

"हजर आहे?"

"हो."

"मग हाक मार त्याला."

कारकुनानं पुन्हा वहीत बघितलं. मागच्या रांगेतल्या बायका पुढे सरकल्या. तफीदा जाळीला तोंड लावून उभी राहिली. "मार हाक. हजर आहे ना? इथून मार, मोठ्यानं. हिल्मी म्हणून. माझी हाक त्याला ऐकू जात नाही, सरकारची जात असेल." कुणीतरी मागून तिचा दंड धरला. ती वळली तर एक म्हातारी, तिच्याहून म्हातारी, काळी जाड बाई, ओळख ना पाळख. "चल," ती बाई म्हणाली, "माझाही हजर आहे. चार महिने झाले, त्याची टोपी मला कुणीतरी आणून दिली. तरी हजर." परत येताना तफीदाला रस्ता दिसत होता, गाढवगाड्या दिसत होत्या, ईदची नवी चप्पल घालून बघणारी पोरं दिसत होती, पण सगळं काचेपलीकडे. माझा मुलगा मेला हेसुद्धा मला धड म्हणू देत नाहीत. त्याला तिकडे नेला तेव्हा मला विचारलं नाही, मेला तेव्हा सांगितलं नाही, आणि आता तो मेलेलाही नाही. उद्या हे त्याला पुन्हा रांगेत उभा करून पुन्हा सलाम म्हणायला लावतील. दरवर्षी. मी मरेपर्यंत तो सुखरूप राहील.

त्या विचारासरशी तिचं ठरलं. कागद येवो न येवो, हिल्मीला मेलेला म्हणणारं कुणीतरी एक त्या सरकारी लोकांतलं हवं. एक तोंड. एकच.

ईदच्या सकाळी गल्लीत फुगे, नवे कपडे, मशिदीतून तकबीरचा घोष. तफीदाच्या घरी खुर्च्या भिंतीला लावलेल्या, चटई पसरलेली, आरसा पालथा घातलेला. ती काळ्यात, अवातिफ काळ्यात. पहाटे ती न्हाऊन सुनेजवळ गेली होती, तिचा तो निळा रुमाल स्वतःच्या हातानं सोडला होता, आणि केस विंचरून काळा बांधला होता. मग कोनाड्यातून तिनं एक पिशवी काढली. मिळालेल्या एकमेव रजेवर हिल्मीनं येमेनहून आणलेल्या कॉफीच्या बिया. चांगली म्हणून ठेवलेली, मोठं कुणी आलं तर म्हणून, उघडलीच नव्हती. अवातिफनं त्या भाजल्या, कुटल्या. घरभर असा वास सुटला की तफीदाला खिडकीशी जाऊन उभं राहावं लागलं. कुणीतरी पाठीवरून माती वाहून वर नेली असेल, ह्याच्यासाठी. त्या बाईच्या घरी आज कोण बसलं असेल? मला तिनं काय म्हणावं आता? तिला मी काय म्हणू? साखर घालायची नव्हतीच. मयताच्या घरची कॉफी कडूच असते, आणि ती जो पितो, तो मयत मान्य करतो.

अकराच्या सुमाराला मिद्हत मास्तर आले. सरकारी पक्षाच्या वस्ती-कचेरीचे चिटणीस, त्याआधी वीस वर्षं प्राथमिक शाळेत; अर्ध्या गल्लीला पहिलं अक्षर त्यांनी शिकवलेलं, हिल्मीलाही. हातात झेंड्याच्या रंगाच्या कागदात गुंडाळलेला बिस्किटांचा डबा. मागे जिन्यात तीन-चार बायका, ईदच्या भेटीला निघालेल्या; त्यांचीही पोरं तिकडे.

"वर्षानुवर्षं सुखात राहा, उम्म हिल्मी! सरकारतर्फे आपल्या शूर जवानांच्या घरी—" आणि मास्तर उंबऱ्यातच अडले. "हे काय? कोण गेलं?"

"बसा, मास्तर. अवातिफ, कॉफी."

"नाही नाही, अजून बरीच घरं करायचीत—"

"बसा. माझ्या घरातून कुणी उभ्यानं जात नाही."

ते बसले. डबा मांडीवर. पेला समोर आला. काळी, फेस नसलेली. मास्तरांनी वास घेतला आणि त्यांना कळलं. त्यांनी पेल्याला हात लावला नाही.

"उम्म हिल्मी," ते हळू आवाजात म्हणाले, "मला काही माहीत नाही. कागद आला नाही. कागद आल्याशिवाय असं बसता येत नाही, वस्तीत चर्चा होते, लोकांचं मनोधैर्य असतं—"

"ते काय असतं मला ठाऊक नाही. मी दोन यत्ता शिकले, त्यातही अर्धा वेळ मास्तरीणबाईंचं पोर सांभाळत. कॉफी निवतेय."

"समजून घ्या. माझ्या हातात काही नाही."

"तुमच्या हातात पेला आहे. म्हणजे असायला हवा." तिचा आवाज वर गेला नाही. "त्याचं नाव लिहायला त्याला तुम्ही शिकवलंत. पाटीवर, उलटसुलट लिहायचा, तुम्ही कान पिळायचात. तेच नाव आता तुमच्या यादीत हजर म्हणून पडलंय. मला तुमचा कागद नको मास्तर. पदक नको, हा डबाही नको. माझं पोर लोकांच्या डोंगरावर गेलं, त्यानं तिथं जे केलं ते मला कळलंय, ते मी माझ्यापाशी ठेवीन आणि वर गेल्यावर त्याला त्याचा जाब विचारीन, तो माझा हक्क. पण ते मेलंय. एवढंच म्हणा. तुम्ही म्हणा. कारण मी म्हटलं तर ते फक्त एका म्हातारीचं बोलणं."

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. बायका उभ्या होत्या. कुणी आत येत नव्हतं, कुणी जात नव्हतं. मग त्यांनी डबा खाली ठेवला. पेला उचलला, थोडी कॉफी बशीत सांडली, ती त्यांनी परत पेल्यात ओतली आणि सगळी, गाळापर्यंत, प्यायले. तोंड वाकडं झालं. मिशीला ओल लागली होती ती पुसली नाही.

"त्याचं उरलेलं आयुष्य तुम्हाला मिळो," ते म्हणाले. मयताच्या घरी म्हणतात ते. "वर्गात मागच्या बाकावर बसायचा."

तेव्हा तफीदाच्या घशातून तो आवाज निघाला. लांब, उंच, एका श्वासात न मावणारा. अवातिफनं तिचा हात धरला आणि तिनंही आपला आवाज त्यात मिसळला. खाली गल्लीत पोरांचे फुगे, पाळण्याची करकर, कुणाचं तरी गाणं, सगळं थांबलं. आणि जिन्यात उभ्या असलेल्या त्या बायका, नव्या कपड्यांतल्या, तिथल्या तिथे भिंतीला टेकून खाली बसल्या, आणि एकमेकींकडे न बघता जी ती आठवायला लागली, आपल्या मुलाचं शेवटचं पत्र कधी आलं होतं.